बादल्या न उचलता फिशटँकचं पाणी बदला: इंदूरच्या घरासाठी पाइपची सोय

फिशटँक आणल्यावर पहिले काही आठवडे पाणी वेळच्या वेळी बदललं जातं. मग चालढकल सुरू होते, आणि त्याचं कारण बादल्या. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट मात्र साध्या फिल्टरने जात नाही. पाणी काचेसारखं दिसत असलं तरी ते साठत राहतं. म्हणून दर आठवड्याला पाव टँक पाणी बदलायलाच हवं. पाइप एकदा नीट बसवले की हे काम घरातलं कोणीही करू शकतं, पाठदुखी असलेली आजीसुद्धा.

आधी हिशोब करा. ३६ इंच लांब आणि १५ इंच रुंद टँकमध्ये एक इंच उंचीला जवळपास ९ लिटर पाणी मावतं. पाणी १६ इंचांपर्यंत भरत असाल तर पाव भाग म्हणजे ४ इंच, सुमारे ३५ लिटर. हे ४ इंच लक्षात ठेवा, पुढची सगळी मापं त्यावरच ठरतात.

पाणी काढण्याचा पाइप

काचेला भोक पाडण्याच्या फंदात पडू नका. टफन्ड (तापवून कडक केलेली) काच असेल तर ड्रिल लागताच तिचा चुरा होतो, आणि साध्या काचेलाही हे काम सरावलेल्या हातानेच करावं लागतं. त्याऐवजी काठावरून जाणारा उलटा यू करा. सियागंजातून किंवा जवळच्या सॅनिटरीच्या दुकानातून पाऊण इंची यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकचा) पाइप, एल्बो (काटकोनी जोड), एक टी (तीन तोंडांचा जोड), दोन बॉल व्हॉल्व्ह, क्लॅम्प आणि सॉल्व्हेंट (पाइप चिकटवायचा द्रव) आणा. पितळी फिटिंग घेऊ नका. त्यातलं तांबं पाण्यात उतरलं तर कोळंबी आणि गोगलगायी मरतात.

यूची आतली बाजू नेहमीच्या पातळीखाली बरोब्बर ४ इंचांवर कापा. पाणी तिथवर उतरलं की पाइपात हवा शिरते आणि प्रवाह आपोआप थांबतो. दाराची बेल वाजली, फोन आला, तरी टँक रिकामा होणार नाही. काही जण पाइप तळापर्यंत नेऊन या उंचीवर बारीक भोक पाडतात, पण शेवाळाने भोक बुजलं की मासे कोरडे पडतात. माझं मत ठाम आहे: पाइपच आखूड ठेवा. टोकाला जाळी किंवा स्पंज लावा, नाहीतर गप्पीची पिल्लं ओढली जातील. तळाची घाण काढायची असेल त्या दिवशी याच टोकाला मऊ नळी अडकवा, काम होईपर्यंत तिथून हलू नका आणि मग ती काढून ठेवा.

यूच्या माथ्यावर टी बसवून तिच्या वरच्या तोंडाला एक व्हॉल्व्ह लावा. दुसरा व्हॉल्व्ह बाहेरच्या उभ्या पाइपाच्या पायथ्याशी. तिथून पुढे भिंतीलगत, किंचित उतार देत, पाइप मोरीपर्यंत किंवा गॅलरीतल्या कुंड्यांपर्यंत न्या. नायट्रेटवालं पाणी तुळशीला आणि कढीपत्त्याला उत्तम. टँकमध्ये मीठ किंवा औषध घातलं असेल तेव्हा मात्र ते मोरीतच सोडा. सॉल्व्हेंट लावलेले जोड २४ तास वाळू द्या आणि पाइप धुऊन घ्या.

सुरू करताना खालचा व्हॉल्व्ह बंद ठेवून वरून तांब्याभर पाणी ओता, वरचा बंद करा, खालचा उघडा. बाहेरचं पाणी खाली पडताना टँकमधलं पाणी ओढून घेतं. तोंडाने ओढायची गरज नाही.

पाणी भरण्याचा ड्रम

पैसे आणि विचार इथे खर्च करा. नळाची लाइन थेट टँकला जोडू नका: इंदूरच्या नळाला येणाऱ्या नर्मदेच्या पाण्यात क्लोरीन असतं, आणि ते फिल्टरमधले जिवाणू व माशांचे कल्ले दोन्ही जाळतं. सतत थेंबथेंब पाणी सोडून ओव्हरफ्लोने बाहेर काढण्याची पद्धतही इथे नको. नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर पंपाने चढवत आणलेलं पाणी असं वाहू देणं मला पटत नाही.

६० लिटरचा झाकणाचा निळा ड्रम घ्या, खाद्यपदार्थांच्या वापरातला, रसायनाचा नको. शहराच्या बऱ्याच भागांत नळ दिवसाआड येतात, ते इथे सोयीचंच पडतं. नळाच्या दिवशी ड्रम भरा, एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडा, दुसऱ्या दिवशी वापरा. क्लोरीन उडून जातं. घाई असेल तर अँटी-क्लोरीन बाटलीवरच्या मापाने घाला. तोंडाला मच्छरदाणीचं कापड बांधा, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात. हौदात बोरिंगचं आणि नर्मदेचं पाणी एकत्र होत असेल तर ड्रम हौदातून भरू नका. बोरिंगचं पाणी जड असतं आणि मिश्रण दर वेळी वेगळं. हा बदल माशांना सोसत नाही.

ड्रम टँकच्याच खोलीत ठेवा. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी मे महिन्यात पोळतं आणि डिसेंबरात बर्फासारखं होतं. ड्रमच्या आणि टँकच्या पाण्यात २ अंशांपेक्षा जास्त फरक नको.

पाणी चढवायला कूलरचा पंप चालतो, पण कोरा घ्या. डब्यावर लिहिलेली उंची म्हणजे जिथे प्रवाह पूर्ण थांबतो ती. तुमच्या टँकचा काठ तिच्यापेक्षा निदान दीड-दोन फूट खाली असू द्या. भरणाऱ्या नळीचं टोक पाण्यात बुडवू नका, वरच क्लॅम्पने आवळा. टोक बुडालेलं असलं की पंप बंद होताच टँकचं पाणी उलटं ड्रमात जातं.

पाणी बदलण्याआधी हीटर आणि फिल्टर दोन्हींचे प्लग काढा. तापलेला हीटर पाण्याबाहेर उघडा पडला तर तडकतो. पाण्यात हात घालण्यापूर्वी पंपाचाही प्लग काढा, आणि प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये न जाता जमिनीवर टपकेल. पहिल्यांदा सगळं करून पाहताना पूर्ण वेळ शेजारी उभे राहा, प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद ठेवा. ओला झालेला कागद गळणारा जोड लगेच दाखवतो.