एडनं वाचवलं लिनक्स

नागपूरच्या धरमपेठेत तर्री-पोहे खाताना आमची नेहमीची चढाओढ: कॉम्प्युटरवर फाइल लिहायला कोणतं टूल भारी? मी विमवाला, म्हणजे पूर्ण स्क्रीनवर चालणाऱ्या टेक्स्ट एडिटरचा. एक मित्र म्हणतो, "विम काहून बे? एड वापर!" एड म्हणजे कमांड देऊन ओळी बदलणारा जुना, साधा एडिटर. दुसरा थेट कॅटनंच, म्हणजे फाइल दाखवायच्या साध्या कमांडनंच, फाइल लिहितो.

परवा जुनी डिस्क काढली आणि माझी ऑपरेटिंग सिस्टीम, लिनक्स, इमर्जन्सी मोडमध्ये म्हणजे फक्त दुरुस्तीपुरत्या अवस्थेत अडकली. सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या ते सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमध्ये तिची ओळ राहून गेली होती. रूट, म्हणजे मुख्य फाइलसिस्टीम, रीड-ओन्ली, म्हणून आधी लिहिता येईल अशी ती रिमाउंट केली, म्हणजे पुन्हा जोडली. टर्मिनल बिघडलेलं, विमची अक्षरं नुसती विस्कटलेली. मग केन थॉम्प्सननं १९६९ मध्ये लिहिलेला एड उघडला. त्यानं फक्त फाइलच्या बाइट्सचा आकडा दाखवला. '७पी' दाबून ओळ पाहिली, खात्री केली, '७डी'नं उडवली, 'डब्ल्यू'नं सेव्ह, 'क्यू'नं बाहेर, रीबूट. लगेच लॉगिन आलं! त्या दिवशी एडवाल्याचे पोहे माझ्याकडून. कॅटवाला म्हणाला, "मी तर एडिटर न उघडता सेड कमांडनंच केलं असतं."