डिफेंडर अंगावर असताना मोकळा जंप शॉट काढायचा कसा

बास्केटबॉल कोर्टवर नवीन पोरगं आलं की सगळे त्याच्या हाताच्या मागे लागतात, कोपर आत घे, मनगट सोड, बॉलला फिरकी दे. बरोबरच आहे, ते लागतंच. पण एकटा असताना दहातले सात टाकणारा पोरगा मॅचमध्ये दोन-तीन शॉट घेऊन गप्प होतो ना, त्याचं कारण हातात नसतं, पायात असतं. त्याला शॉट घ्यायला मोकळीकच मिळत नाही आणि ती काढायची कशी हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. मी इथे बरंचसं मायकल जॉर्डनच्या उदाहरणाने सांगणार आहे, कारण 10 वेळा एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या लीगमध्ये, टॉप स्कोअरर झालेला माणूस आहे आणि त्याचं काम बघायला सोपं आहे, उगाच दहा ड्रिबल (बॉलचे टप्पे) नाहीत की नाचकाम नाही.

आधी एक गोष्ट डोक्यात फिट करा. मोकळा शॉट म्हणजे आजूबाजूला कोणीच नाही असा शॉट नाही. डिफेंडर हातभर अंतरावर असला तरी शॉट मोकळा असू शकतो, फक्त त्या क्षणाला त्याचं वजन चुकीच्या पायावर पाहिजे. कारण उडी मारायला त्याला आधी पाय खाली आणावे लागतात, वजन मध्ये आणावं लागतं, गुडघे वाकवावे लागतात, आणि तेवढ्यात तुमचा बॉल सुटलेला असतो. म्हणजे तुमचं काम त्याच्यापेक्षा उंच उडायचं नाही, तो उडूच शकणार नाही अशी वेळ साधायची. बाकी सगळ्या मूव्ह याच्याचसाठी असतात.

14 जून 1998 चा तो शेवटचा शॉट सगळ्यांनी बघितलाय, सॉल्ट लेक सिटी, फायनलची सहावी मॅच, युटा 86, जॉर्डनची टीम शिकागो 85. जॉर्डनने मागून येऊन युटाच्या कार्ल मलोनच्या हातातून बॉल काढला, टाइमआउट घेतला नाही, सावकाश ड्रिबल करत वर आला, समोर युटाचा ब्रायन रसेल. पुढच्या वेळी बघाल तेव्हा स्लो करून बघा आणि जॉर्डनकडे बघूच नका, रसेलच्या पायांकडे बघा. जॉर्डन उजवीकडे जोरात घुसतो, रसेल त्याला अडवायला त्याच बाजूला पळतो, सगळं वजन तिकडे जातं, आणि जॉर्डन एकदम ब्रेक मारून बॉल डाव्या बाजूला ओढतो. रसेल घसरतो, जवळजवळ हात टेकतो, आणि 5.2 सेकंद राहिलेले असताना बॉल आत. आता जॉर्डनने रसेलला हाताने ढकललं की नाही यावर 25 वर्षांच्या वर भांडणं चालू आहेत, करा हवी तेवढी, माझं मत असं की हात लागलाच, पण ब्रेक इतका कडक होता की हात नसता तरी रसेल पोचला नसता. आणि अजून एक, त्या रात्री त्याचे पाय थकलेले, शॉट आखूड पडत होते, म्हणून इथे तो नेहमीसारखा मागे झुकलाच नाही, सरळ वर गेला. एवढ्या प्रेशरमध्ये ही अक्कल शाबूत ठेवायची म्हणजे कमाल आहे.

आता करायचं कसं. सुरुवात उभ्या उभ्या करू, बॉल हातात आहे आणि अजून ड्रिबल केलेला नाही. बॉल छातीपेक्षा थोडा खाली, शूटिंगच्या हाताच्या बाजूला, गुडघे वाकलेले, आणि नजर रिंगवर. नजर रिंगवर हे फार जण विसरतात, बॉल घेतला की लगेच खाली बघतात, मग डिफेंडरला कळतं की याला शॉट मारायचाच नाहीये आणि तो आरामात एक पाऊल मागे उभा राहून ड्राइव्हची, म्हणजे तुम्ही ड्रिबल करत रिंगकडे घुसण्याची, वाट बघतो. आता त्याचे पाय बघा. जवळजवळ प्रत्येक डिफेंडरचा एक पाय पुढे असतो. तो पुढचा पाय म्हणजे त्याची कमजोर बाजू, कारण तुम्ही त्या बाजूने गेलात तर त्याला आधी कंबर फिरवून तो पाय मागे न्यावा लागतो, तेवढ्यात तुम्ही निघून गेलेले असता. त्याला हे माहीत असतं, म्हणून त्या बाजूची त्याला भीती असते. तर त्याच पायाच्या दिशेने जॅब टाका.

जॅब म्हणजे पिव्होटचा पाय (ज्यावर फिरायचं तो) जागेवर ठेवून दुसऱ्या पायाने पुढे टाकलेलं छोटं पाऊल. छोटं म्हणजे खरंच छोटं, वीत-दीड वीत बास. पोरं लांबच्या लांब पाऊल टाकतात आणि मग परत येताना त्यांचाच तोल जातो. कबड्डीत चांगला रेडर हुलकावणी देतो तेव्हा पाय पुढे गेलेला दिसतो पण त्याचं वजन मागच्याच पायावर असतं, डोकं आणि खांदा खोटं बोलतात आणि कंबर खरं बोलते, इथेही तेच. जॅब टाकल्यावर एक क्षण थांबा. हे थांबणं कोणी करत नाही! जॅब-शॉट, जॅब-ड्राइव्ह असं पाठ केल्यासारखं करतात, समोरचा काय करतोय ते बघतच नाहीत. तो टाचेवर गेला, मागे सरकला, तर पाय परत आणा आणि शॉट घ्या. हललाच नाही तर त्याच पायाच्या बाजूने निघून जा. अंगावर धावून आला तर अजूनच सोपं. फक्त नियम लक्षात ठेवा, ड्रिबल सुरू करताना पिव्होटचा पाय उचलायच्या आधी बॉल हातातून सुटलेला पाहिजे, नाहीतर ट्रॅव्हल, म्हणजे बॉल हातात घेऊन चालल्याची चूक. आणि डिफेंडर एक मीटरच्या आत चिकटून असेल तर फिबाच्या, म्हणजे बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेच्या, नियमाने पाच सेकंदात पास, शॉट किंवा ड्रिबल काहीतरी करावंच लागतं, जॅब मारत बसायला वेळ नाही.

दुसरी गोष्ट पुल-अप, म्हणजे ड्रिबल करत पळता पळता थांबून शॉट. माझ्या मते सगळ्यात उपयोगी मूव्ह हीच आणि सगळ्यात कमी शिकवली जाणारी पण हीच. इथे खरी कमाल स्पीडमध्ये नसते, स्पीड बदलण्यात असते. सतत फुल स्पीडने जाणाऱ्याची डिफेंडरला सवय होते. सत्तर टक्क्याने या, मग दोन पावलं एकदम जोरात, की तो घाबरून मागे पळायला लागतो, आणि तो मागे पळतोय तोच तुम्ही थांबा. थांबायच्या आधीचा शेवटचा टप्पा मुद्दाम जोरात मारायचा, म्हणजे बॉल स्वतःच वर हातात येतो, तुम्हाला खाली वाकून उचलावा लागत नाही, आणि तोच जोर पायाला ब्रेक लावायला पण मदत करतो. पाय टेकताना आतला आधी, मग बाहेरचा, एक-दोन. किंवा दोन्ही एकदम टेका, ज्याला जे जमेल ते. पण थांबताना कंबर खाली पाहिजे. उभ्याने थांबलात की छाती पुढे जाते, शॉट पुढे तरंगतो आणि वर चार्जिंगचा, म्हणजे डिफेंडरवर आदळल्याचा, फाउल मिळायची पण भीती.

ड्रिबलमध्येच अजून एक छोटी गंमत आहे, हेझिटेशन. ड्रिबल चालू असताना अर्धा क्षण छाती वर करायची, डोळे रिंगवर, जणू आता शॉटच घेणार. डिफेंडर पण सरळ उभा होतो, गुडघे सरळ झाले की तो संपला, आता निघून जा. आणि दोनदा असा निघून गेलात की तिसऱ्यांदा तो फसणार नाही म्हणून खालीच बसून राहतो, तेव्हा खरंच शॉट घ्या. हा सगळा खेळ एका मॅचच्या आत चालतो. पहिल्या क्वार्टरमध्ये रिंगपाशी जाऊन दोन लेअप घेतले नसतील तर चौथ्या क्वार्टरमध्ये तुमच्या पुल-अपला कोणी घाबरणार नाही.

म्हणूनच सगळी पोरं आधी स्टेप-बॅक, म्हणजे एक पाऊल मागे घेऊन मारायचा शॉट, शिकायला जातात त्याचा मला वैताग येतो. एनबीएतल्या जेम्स हार्डनने 2018-19 मध्ये मॅचमागे 36.1 पॉइंट काढले, त्यात स्टेप-बॅक खूप होते, मान्य, पण तो अंगावर घुसला की एकतर लेअप नाहीतर फाउल, ह्या धाकाने डिफेंडर आधीच मागे पळत असायचा. तुम्हाला ड्राइव्ह येत नसेल तर डिफेंडर मागे जाईलच कशाला? तुम्ही मागे जाल, तो एक पाऊल पुढे येईल, झालं.

पंप फेक, म्हणजे शॉटची नुसती हुलकावणी, त्याबद्दल थोडक्यात. बॉल कपाळापर्यंत न्या, नजर रिंगवर, पण गुडघे वाकलेलेच राहू द्या. बॉल वर आणि पाय पण सरळ, असं केलंत तर तो फसला तरी तुम्हाला परत खाली बसावं लागणार. तो उडाला की एक ड्रिबल बाजूला आणि शॉट. घाई नको.

आता फेडअवे, म्हणजे मागे झुकून घेतलेला शॉट. जॉर्डन निवृत्ती सोडून 1995 ला परत आला तेव्हा तिशी ओलांडलेली, पूर्वीसारखं दर वेळी रिंगपर्यंत उडत जाणं परवडणारं नव्हतं, तेव्हा त्याने हे अस्त्र जास्त वापरलं. रिंगकडे पाठ, डिफेंडर पाठीला टेकलेला. इथे डोळ्यांनी बघायचं नाही, पाठीने बघायचं. तो कुठल्या बाजूला जास्त रेलतोय ते अंगाला कळतं. तो आतल्या बाजूला रेलला असेल तर आत खांदा टाका, अजून थोडा ओढा त्याला, आणि बेसलाइनकडे, म्हणजे रिंगमागच्या रेषेकडे, वळून शॉट. दोन्ही खांद्यांवरून वळता आलं पाहिजे, एकाच बाजूने वळणारा दोन मॅचमध्ये ओळखला जातो. कोबी ब्रायंट एवढा मोठा प्लेअर असून 2009 च्या उन्हाळ्यात हकीम ओलाजुवानकडे जाऊन पोस्टमधलं, म्हणजे रिंगकडे पाठ करून खेळायचं, पायांचं काम शिकून आला, यावरून समजा. आणि मागे झुकायचं म्हणजे मागे उडी मारायची नाही, उडी वरच मारायची, खांदे थोडे मागे, बास. शाळेतली पोरं मागे उडतात आणि बॉल रिंगला लागत पण नाही. डर्क नोविट्झ्कीचा एका पायावरचा फेडअवे वेगळा, तो गुडघा वर उचलायचा आणि त्या गुडघ्यामुळे डिफेंडरला जवळच येता यायचं नाही, वर माणूस सात फुटी, अडवणार कोण.

एवढं सगळं जमलं की दुसरा डिफेंडर यायला लागतो, म्हणजे डबल टीम. तेव्हा मोकळा शॉट असतोच, फक्त तुमचा नसतो. 13 जून 1997, इथेही समोर युटा, इथेही फायनलची सहावी मॅच, 86-86. जॉर्डनकडे बॉल, रसेल त्याच्यावर, आणि जॉन स्टॉकटन स्वतःचा माणूस सोडून मदतीला आला. जॉर्डनला हे होणार माहीत होतं, टाइमआउटमध्येच त्याने टीममधल्या स्टीव्ह करला तयार राहायला सांगितलेलं. पास गेला, करने फ्री थ्रो लाइनच्या आसपासून शॉट टाकला, आत. शिकागो चॅम्पियन. सांगायचं म्हणजे जॉर्डनने स्वतः मारल्यासारखाच तो शॉट त्याने तयार केलेला होता.

आणि हाच कर 2014 मध्ये एनबीएतल्या गोल्डन स्टेट टीमचा कोच झाला, तिथे त्याला मिळाला स्टीफन करी, जो बॉल हातात नसताना सगळ्यात घातक. जेमतेम सव्वासहा फूट उंची, म्हणजे उंचीवर शॉट मिळणारच नाही, तरी 2015-16 मध्ये 402 थ्री, म्हणजे लांबून तीन पॉइंटचे शॉट, टाकले आणि 14 डिसेंबर 2021 ला रे अ‍ॅलनचा करिअरमधल्या 2973 थ्रीचा रेकॉर्ड मोडला. त्याची एक सवय उचला, फुकटची आहे. पास दिल्यावर उभं राहू नका. पास दिला की डिफेंडर हमखास बॉलकडे मान वळवतो, अंग सैल सोडतो, तोच क्षण, तेवढ्यात करी कॉर्नरला पळालेला असतो आणि बॉल परत त्याच्याकडे येतो. स्क्रीनवरून, म्हणजे डिफेंडरची वाट अडवून उभ्या राहिलेल्या आपल्या माणसाजवळून, येताना पण डोकं वापरा. आधी डिफेंडरला उलट्या बाजूला दोन पावलं न्या, स्क्रीन लावणारा पूर्ण थांबू द्या, मग त्याच्या कंबरेला खांदा घासून निघा, मध्ये माणूस शिरेल एवढी फट सोडली तर स्क्रीनचा काही उपयोग नाही. डिफेंडर तुमच्या मागून येत असेल तर वळून रिंगकडे या, आणि तो शॉर्टकटने स्क्रीनच्या पलीकडून येत असेल तर उलटे मागे सरका, शॉट तिथे आहे. बॉल येईपर्यंत गुडघे वाकलेले आणि पंजे तयार पाहिजेत. बॉल आल्यावर वाकलात तर एवढी पळापळ वाया.

प्रॅक्टिसला जोडीदार असेल तर उत्तम, त्याला सांगा की जॅबवर कधी मागे जा, कधी हलू नकोस, आधी सांगू नकोस. तो काय करतो ते बघून ठरवायची सवय याच्याशिवाय लागत नाही. एकटे असाल तर खुर्ची ठेवा, खुर्चीपाशी शेवटचा जोराचा टप्पा, ब्रेक, शॉट, उजवीकडून पाच, डावीकडून पाच, आणि डावीकडून नको वाटतं म्हणून टाळू नका. सुरुवात थ्री पॉइंटवरून करू नका, फ्री थ्रो लाइनच्या आसपास करा. आपल्याकडे फिबाची थ्रीची लाइन 6.75 मीटरवर आहे, पोरांना टीव्हीवरची एनबीएची 7.24 वाली डोक्यात असते आणि तिच्याही मागून मारायचं असतं. सिमेंटच्या कोर्टवर ब्रेक मारायची प्रॅक्टिस करणार असाल तर बूट नीट बघून घ्या, तळ झिजलेला असेल तर घोटा गेलाच म्हणून समजा. आणि शेवटचे दहा शॉट दम लागलेला असताना घ्या. ते सारखे रिंगच्या पुढच्या कडेला लागून परत यायला लागले तर पाय संपलेत, दोन पावलं आत येऊन टाका, तिथूनही तेच होत असेल तर त्या दिवशी बंद करा.