ओरल घेताना टेबलावर फुटलेला क्यूब ठेवा

सिव्हिलच्या प्रॅक्टिकलची ओरल घ्यायला पहिल्यांदाच बसणाऱ्या नव्या सर-मॅडमसाठी हे लिहितेय. माझा विषय काँक्रीट टेक्नॉलॉजी, त्यामुळे उदाहरणं तिथलीच येणार. क्यूब म्हणजे ताकद तपासायला मशीनमध्ये दाबून फोडतात तो काँक्रीटचा ठोकळा; मेकॅनिकलवाल्यांनी त्याच्या जागी आपला गिअर ठेवावा.

पहिली गोष्ट, ‘सिमेंट म्हणजे काय?’ने सुरुवात करू नका. व्याख्या विचारली की व्याख्याच मिळते, आणि बाहेर आलेलं पोर ती कॉरिडॉरमधल्या पुढच्या पोराला अर्ध्या मिनिटात देतं. पाचव्या रोल नंबरपर्यंत सगळ्यांची उत्तरं स्वल्पविरामासकट सारखी यायला लागतात.

मी आदल्या दिवशी मामांना (आमचे लॅब असिस्टंट, अख्खं कॉलेज त्यांना मामाच म्हणतं) तीन वस्तू काढून ठेवायला सांगते: फुटलेल्या क्यूबचा मोठा तुकडा, स्लम्प कोन (ओलं काँक्रीट किती ढळतं ते बघायचा साचा) आणि टॅम्पिंग रॉड (साच्यात काँक्रीट ठोकून बसवायची सळई). पोरगं बसलं की जर्नलमधलं क्यूब टेस्टचं पान उघडायचं आणि पहिला प्रश्न त्याच्याच आकड्यावर विचारायचा.

मागच्या एका ओरलचं सांगते. जर्नलमध्ये २८ दिवसांच्या तीन क्यूबची रीडिंग होती, म्हणजे कोणता क्यूब किती लोडला फुटला ते: ६१०, ५९५ आणि ४२० किलोन्यूटन.

“हे ४२० कसं आलं रे?”

“मॅडम, तो क्यूब बाद धरला. उरलेल्या दोघांचं ॲव्हरेज घेतलंय.”

“बाद धरायला कोणी सांगितलं?”

गप्प. मी कोरा कागद त्याच्यापुढे सरकवला. १५० मिमीचा क्यूब, म्हणजे क्षेत्रफळ २२,५०० चौरस मिमी. भागाकार केल्यावर ताकद आली चौरस मिमीमागे २७.१, २६.४ आणि १८.७ न्यूटन, तिघांची सरासरी २४.१. आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) म्हणतं की प्रत्येक क्यूब सरासरीच्या १५ टक्क्यांच्या आत हवा. म्हणजे खालची हद्द साधारण २०.५, आणि १८.७ तिच्याबाहेर. अशा वेळी सोयीचे दोन ठेवून तिसरा टाकता येत नाही, अख्खं सॅम्पलच बाद होतं. हे त्याला तिथं बसल्या बसल्या उमगलं. मग मी विचारलं, हा क्यूब भरला कोणी? “मीच, मॅडम. तिसऱ्या थराला ३५ ठोके पुरे केले नाहीत, लंच झाला होता.” आणि टेबलावरच्या तुकड्यातल्या पोकळ्यांवर त्यानं आपणहून बोट ठेवलं. तुकडा त्याच क्यूबचा होता. नियम पाठ नव्हता, तरी मी २५ पैकी १९ दिले. कसे, ते खाली येतंच आहे.

आता उलटा प्रकार. अख्ख्या बॅचच्या जर्नलात ६१०, ६०५, ६००. ड्रॉइंग शीटची जीटी मारतात (दुसऱ्याची शीट काचेखाली दिवा लावून गिरवतात) तशी रीडिंगचीही मारतात. रागावण्यात वेळ घालवू नका; आपणही मारलेली असते. फक्त विचारा, “क्यूब मशीनमध्ये ठेवताना कुठली बाजू वर केली?” सीटीएमशेजारी (क्यूब दाबून फोडायच्या मशीनशेजारी) उभं राहिलेलं पोरगं सांगतं की क्यूब आडवा केला, कारण थापीनं सारखी केलेली बाजू खडबडीत असते आणि साच्याला टेकलेल्या बाजू सपाट असतात. दुसरा प्रश्न: “फुटायला किती वेळ लागला?” लोड मिनिटाला चौरस मिमीमागे १४ न्यूटन या वेगानं द्यायचा असतो, म्हणजे ६०० किलोन्यूटनला साधारण दोन मिनिटं. कुणी “लगेच फुटला, वीसेक सेकंदांत” म्हणालं, तर एक तर ते तिथं नव्हतं, नाहीतर व्हॉल्व्ह भसकन उघडला होता. दोन्हीला पुढचा प्रश्न एकच: भरभर लोड दिला तर ताकद जास्त दिसेल की कमी? (जास्त.)

गुणांसाठी चार रकाने आखा. स्वतः काय केलं याला ५, हिशेबाला ५, कारणाला १०, ‘अमुक बदललं तर काय होईल’ याला ५. कारणाच्या रकान्यात मी असं लिहून ठेवते: न विचारता कारण सांगितलं, ८ ते १०, एक धागा दिल्यावर सांगितलं, ५ ते ७, नियम पाठ पण कारण नाही, २ ते ४. वरच्या मुलाला ५, ३, ८, ३ मिळाले. रकाना त्या त्या प्रश्नानंतर लगेच भरा. पोरगं उठून गेल्यावर चारही एकदम भरायला बसलात, की फसलात.

मी फसले आहे. पहिल्याच वर्षी फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्या मुलीला २२ दिले आणि मान खाली घालून बसलेल्या मुलाला १२. संध्याकाळी मामा म्हणाले, “मॅडम, त्या बॅचचे सगळे क्यूब त्यानंच भरलेत.” थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञानं १९२० साली लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्या लोकांना दिलेल्या गुणांमध्ये हेच पाहिलं होतं: एका बाबतीत माणूस आवडला की बाकीचे रकानेही वर सरकतात. त्याला हेलो इफेक्ट म्हणतात.

त्या दिवसापासून मी पोरगं बसल्या बसल्या “मराठीत सांग” म्हणते. सेग्रिगेशन, ब्लीडिंग, क्युरिंग हे शब्द मराठी वाक्यातही तेच राहतात. अडतं ते फक्त ‘ड्यू टू व्हिच’पाशी. आणि प्रश्न विचारल्यावर मनात दहा आकडे मोजा. आपल्याला गप्प बसवत नाही, ही आपलीच खोड.

एक्स्टर्नल (बाहेरच्या कॉलेजचे परीक्षक) असतील तर दोघांनी वेगवेगळ्या कागदावर गुण द्यावेत. तीनपेक्षा जास्त फरक पडला तरच बोलायचं, आणि तेही आकडा सांगण्याआधी रकाना सांगून.

एनबीएच्या (कोर्सला मान्यता देणाऱ्या नॅशनल बोर्ड ऑफ ॲक्रेडिटेशनच्या) फायलीचं काय? प्रश्नापुढे सीओचा (कोर्स आउटकम, म्हणजे विषय शिकून काय यायला हवं त्याचा) नंबर तेव्हाच टाकून ठेवा, की अटेनमेंटची शीट (ते पोरांना कितपत आलं याचा तक्ता) तासाभरात होते. भारत २०१४ साली वॉशिंग्टन अकॉर्डचा (एकमेकांच्या इंजिनीअरिंग पदव्या मानायच्या आंतरराष्ट्रीय कराराचा) कायम सदस्य झाला, तेव्हापासून ही शीट कुणाला चुकलेली नाही.

गुण ऑनलाइन भरण्याआधी चहा घ्या आणि पहिल्या तीन रोल नंबरांचे कागद पुन्हा काढा. सकाळी आपला हात आखडता असतो. माझे बहुतेक वेळा त्यातल्या एकाचे तरी दोन गुण वाढतात.