इलेक्ट्रिक गाडीत ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा लागला तर आधी काय बघायचं

ट्रॅक्शन कंट्रोल म्हणजे चाक घसरू न देणारी सिस्टीम. तिचा दिवा लागला तर पहिलं म्हणजे तो लुकलुकतोय की सतत पेटलाय ते बघा. पावसात चोर्ला घाट चढताना लुकलुकला तर सिस्टीम काम करतेय, इलेक्ट्रिक मोटरचा टॉर्क (चाक फिरवणारा जोर) एकदम येतो म्हणून चाक घसरतं आणि ती पॉवर कमी करते, एवढंच. अशा वेळी इको मोड लावा, रीजन (ॲक्सिलरेटर सोडल्यावर मोटरने गाडी हळू करून बॅटरी चार्ज करणं) कमी ठेवा.

सतत पेटलेला असेल तर आधी चुकून बटण दाबून बंद केलंय का बघा, मग टायर. चारही टायरचा साईज एकच हवा, हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे हवी आणि ट्रेड (टायरवरच्या खाचांची खोली) 1.6 मिमीच्या खाली गेला असेल तर टायर बदलाच, आपल्याकडच्या पावसात तो धोका घेऊच नका.

त्यानंतर चाकाचा वेग मोजणारा व्हील स्पीड सेन्सर, कारण एबीएस (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी सिस्टीम) आणि ट्रॅक्शन दोन्ही त्यावरच चालतात आणि गोव्यातल्या डिचोली-साखळीकडची लाल माती तिथे जाऊन बसते, म्हणून बऱ्याचदा दोन्ही दिवे एकत्रच लागतात. गाडी बंद करून नीट जॅक-स्टँडवर घ्या, चाक काढा, सेन्सर मऊ कापडाने पुसा, वायर कुठे घासलीय का, कनेक्टर गंजून हिरवा पडलाय का तेही बघा, समुद्राजवळ हे होतंच. नारिंगी केबलला मात्र अजिबात हात लावायचा नाही, ती हाय व्होल्टेजची असते.

12 व्होल्टची छोटी बॅटरी कमजोर झाली तरी असे दिवे लागतात, तीही चेक करून घ्या. चाकांच्या अलाइनमेंटनंतर दिवा लागायला लागला असेल तर स्टीअरिंग अँगल सेन्सर (स्टीअरिंग किती वळलंय ते मोजणारा) कॅलिब्रेट करायला, म्हणजे परत नीट सेट करायला सांगा. तरीही नाही गेला तर स्कॅनर लावायला सांगा, त्यात दिसणारा बिघाडाचा कोड वाचल्याशिवाय कुठलाही पार्ट बदलू देऊ नका.