पिठू जवानाच्या पाठीवर, हिशेब सेक्शन कमांडरकडे

एनसीसीत सेक्शन, म्हणजे दहा जणांची तुकडी, सांभाळणाऱ्या आणि भरतीची तयारी करणाऱ्या मुंबईतल्या मुलामुलींनी पिठू, म्हणजे जवानाची पाठीवरची पिशवी, भरायला शिकावं ते कमांडरच्या नजरेने. कोणी काय उचलायचं हे तोच ठरवतो. चूक झाली तर मात्र दहाही जणांची चाल मंदावते.

सामानाचे दोन भाग करा. रायफल, गोळ्या भरलेली मॅगझिन, ग्रेनेड, पाणी आणि फील्ड ड्रेसिंग (जखमेवर बांधायची पट्टी) अंगावर. राशन, मोजे, पोंचो (पावसात अंगावर घ्यायचं आच्छादन), जादा गोळ्या पिठूत. गोळीबार सुरू झाला की पिठू टाकून पुढे जावं लागतं, त्यामुळे ज्याच्यावाचून तासभरही लढता येणार नाही ते पिठूत जाता कामा नये.

गोळ्यांचं वजन नवख्यांच्या लक्षात येत नाही. इन्सास रायफलचं ५.५६ मिमीचं काडतूस साधारण १२ ग्रॅमचं, सिग ७१६ रायफलचं ७.६२ मिमीचं साधारण २४. शंभर गोळ्यांमागे सुमारे १.२ किलोचा फरक, तोही मॅगझिनचं वजन न धरता. एलएमजीच्या (लाइट मशीनगनच्या) जादा गोळ्या आणि रेडिओची बॅटरी म्हणूनच सेक्शनभर वाटतात. सगळं धडधाकट गड्याच्या गळ्यात मारू नका. जखमीला उचलायची वेळ आली की हाक त्यालाच जाते.

पिठू भरताना जड वस्तू पाठीला चिकटून, खांद्याच्या हाडांमध्ये येईल अशी ठेवा. हलके कपडे तळाला, पोंचो सगळ्यात वर. जड सामान बाहेरच्या बाजूला गेलं की माणूस पुढे वाकतो, पट्टे काखेत रुततात आणि हाताला मुंग्या येतात. मोजे जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधा. मुंबईच्या पावसात पिठूच्या कापडावर भरवसा नको.

तपासणी हाताने करा. ‘घेतलंय ना?’ म्हटलं की सगळेच हो म्हणतात. प्रत्येकाला जागच्या जागी उड्या मारायला लावा: बकल वाजलं तर टेप लावा, बाटली डुचमळली तर काठोकाठ भरा. फील्ड ड्रेसिंग सगळ्यांच्या एकाच खिशात हवं. जखमीला त्याचंच ड्रेसिंग बांधतात, आणि अंधारात ते चाचपूनच शोधावं लागतं.

निघाल्यावर १५-२० मिनिटांनी थांबून पट्टे नीट करून घ्या, पुढे तासाला १० मिनिटं विश्रांती. बूट काढायला लावून टाचा बघा. त्वचा लाल झाली असेल तर तिथेच टेप लावा; फोड आल्यावर लावून फार उपयोग नाही. कमांडरने स्वतःचे बूट सगळ्यांचे पाय बघून झाल्यावरच काढावेत. डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकादमीतल्या चेटवुड हॉलमधलं वचनही हाच क्रम सांगतं: आधी देश, मग हाताखालची माणसं, शेवटी आपण.

सरावाला सहा-आठ किलोंपासून सुरुवात करा आणि आठवड्याला दोन किलोंहून जास्त वाढवू नका. सपाटीसाठी शिवाजी पार्क, चढासाठी बोरिवलीच्या उद्यानातला कान्हेरीचा रस्ता. पाठीवर वजन घेऊन डांबरी रस्त्यावर रोज धावलात तर नडगी दुखायला लागते, म्हणून झपाझप चाला. ओआरएसच्या पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी घाला. मोठं पाकीट एक लिटरचं, छोटं २०० मिलीचं.

मे महिन्यात इथल्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंग तापतच राहतं. कोणी असंबद्ध बोलू लागला किंवा पाय लटपटू लागले तर मार्च तिथेच थांबवा. सावलीत न्या, पिठू आणि बूट काढा, अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि १०८ला फोन करा. पूर्ण शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका.