तुटलेलं डंबेल फेकू नका

बी.एस्सी. केमिस्ट्री करून मी भोसरी एमआयडीसीतल्या एका रबर पार्ट्सच्या कारखान्यात टेस्टिंग लॅबला लागलो. काम सोपं वाटलं होतं: नमुना यंत्राला लावायचा, आकडा वहीत लिहायचा. तिसऱ्या महिन्यात या समजुतीपायी अख्खी बॅच भंगारात गेली.

झालं असं. इंजिन माउंटिंगसाठी नैसर्गिक रबराचं नवं कंपाउंड (रबर, भराव आणि रसायनांचं मिश्रण) बसवायचं होतं. ड्रॉइंगवर हार्डनेस 60 ± 5 शोअर ए (रबराच्या कडकपणाचं माप). मी टेन्साइलसाठी, म्हणजे रबर ताणून तोडण्याच्या चाचणीसाठी, केलेली 2 मिमीची शीट स्टीलच्या टेबलावर ठेवली, ड्युरोमीटर (हार्डनेस मोजायचं मीटर) दाबला, आकडा आला 66. कंपाउंडिंगच्या सरांनी तो खरा धरला. एन 550 जातीचा कार्बन ब्लॅक (रबर कडक करणारी काजळी) दोन पीएचआर कमी केला की हार्डनेस साधारण एक पॉइंट उतरतो, या ठोकताळ्याने त्यांनी बारा पीएचआर ब्लॅक काढला. (पीएचआर म्हणजे शंभर भाग रबरामागे किती भाग. रेसिपी याच मापात बोलली जाते, टक्क्यांत नाही; पहिल्याच आठवड्यात हे अंगवळणी पाडा.) माल ग्राहकाकडे गेला. तिथे त्यांनी जाड पार्टवर मोजलं, तर 54.

चूक माझी होती. शोअर ए मोजायला किमान 6 मिमी जाडी लागते. शीट पातळ असली की मीटरच्या टोकाला खालच्या स्टीलचा टेकू मिळतो आणि आकडा फुगतो. तीन शीट एकावर एक ठेवल्या असत्या तरी भागलं असतं. मूळ रेसिपी ठीकच होती! मिलवरच्या (रबर मळायच्या रोलरच्या यंत्रावरच्या) मामांनी जुन्या शीटचा तुकडा अंगठ्याने दाबून पाहिला नि म्हणाले, "हे साठच्या वर नाहीच. मी सकाळीच सांगितलं असतं, पण विचारलं कोणी?"

तेव्हापासून कुठलाही आकडा लिहिण्याआधी मी नमुन्याची जन्मकथा लिहितो: मिलवरून शीट कधी निघाली, किती तापमानाला किती मिनिटं क्युअर झाली (मोल्डमध्ये तापून पक्की झाली), क्युअर होऊन किती तास झाले. मोल्डमधून काढलेली शीट टेस्ट करण्याआधी किमान 16 तास ठेवायची असते. प्रॉडक्शनवाले दर अर्ध्या तासाने दारात येऊन उभे राहतात, तरी ठेवायची. नैसर्गिक रबर जास्त वेळ क्युअर झालं तर उलट मऊ पडतं, म्हणून आधी रिओमीटरचा (क्युअर होताना रबर कसं घट्ट होत जातं ते मोजणाऱ्या यंत्राचा) आलेख बघा आणि मगच रेसिपीला दोष द्या.

टेन्साइलमध्ये तर शिकण्यासारखं सगळं यंत्र थांबल्यावर सुरू होतं. एएसटीएम डी 412 या अमेरिकन स्टँडर्डप्रमाणे शीटमधून डंबेल (व्यायामाच्या डंबेलसारखा, मध्ये निमुळता नमुना) कापायचं, जबडे मिनिटाला 500 मिमी वेगाने दूर जातात, तीन नमुन्यांतला मधला आकडा द्यायचा. समजा 18.1, 17.8 आणि 11.2 मेगापास्कल आले. रिपोर्टात 17.8 जाईल आणि कोणी काही विचारणार नाही. पण तो 11.2 वाला तुकडा उचलून भिंगाखाली धरा. तुटलेल्या तोंडावर पांढरा ठिपका दिसला तर पावडर नीट मिसळलेली नाही, म्हणजे मिक्सिंगकडे जा. बारीक खड्डा दिसला तर हवा अडकलेली, म्हणजे मोल्डिंगकडे जा. सगळी डंबेल कडेच्या एकाच जागेवरून तुटत असतील तर रबराला सोडा आणि कटिंग डायच्या धारेवरून नख फिरवा. आमच्या डायला केसाएवढी खाच पडली होती. त्यापायी दोन आठवडे आम्ही गंधकाचं प्रमाण खालीवर करत बसलो होतो. आता मी प्रत्येक बॅचचे तुकडे पाकिटात घालून, वर नंबर टाकून ठेवतो. लॅबमधले हसतात. हसू देत.

शीटला मिलच्या दिशेने एक कल असतो, लाकडाच्या रेषांना असतो तसा. डंबेल त्याच दिशेत कापायचं. आडवं कापलं तर आकडे वेगळे येतात, म्हणून शीट मिलवरून उतरतानाच तिच्यावर खडूने बाण काढा.

कॉम्प्रेशन सेटमध्ये (दाबून ठेवलेलं रबर किती दबलेलंच राहतं ते पाहण्याच्या चाचणीत) नवे हमखास फसतात. प्लेटांमध्ये 25 टक्के दाबलेल्या रबराच्या जाड चकत्या 22 तास ओव्हनमध्ये राहतात. बाहेर काढल्या की लगेच प्लेट सोडवून लाकडी फळीवर अर्धा तास ठेवायच्या, मग जाडी मोजायची. चटका बसतो म्हणून कोणी प्लेट गार होऊ देतं. तोवर रबर दबलेल्या अवस्थेतच गार होतं आणि चांगलं कंपाउंड नापास होतं. हातमोजे घ्या, आळस नको. आणि एजिंगसाठी (रबर उष्णतेत जुनं करून पाहण्यासाठी) वेगवेगळी कंपाउंडं एकाच ओव्हनमध्ये कोंबू नका; एकातली रसायनं उडून दुसऱ्यात जातात.

शिक्षणाचं विचाराल तर बी.एस्सी. किंवा डिप्लोमावर सुरुवात होते. पुढे जायचं असेल तर सिपेट या केंद्र सरकारच्या संस्थेचे अभ्यासक्रम आहेत, इंडियन रबर इन्स्टिट्यूटची डिप्लोमा परीक्षा नोकरी सांभाळून देता येते, आणि एम.टेक.साठी खरगपूर आयआयटीचं रबर टेक्नॉलॉजी सेंटर. पण रुजू झाल्यावर पहिलं काम म्हणजे स्टँडर्डची प्रत मिळवून त्यातला नमुना तयार करण्याचा भाग वाचणं. सगळे थेट रिझल्टच्या तक्त्यावर उडी मारतात. 6 मिमीचा नियम आमच्या लॅबच्याच कपाटात होता. त्या कपाटाची किल्ली अकाउंट्सच्या ड्रॉवरमध्ये असते, हे मला बॅच गेल्यावर कळलं.