परदेशी कलाकार गावात रेसिडेन्सीला आणताय? आधी या चुका टाळा

वर्धा-यवतमाळ-चंद्रपूरकडच्या खेड्यांत बाहेरदेशचे कलाकार रेसिडेन्सीला, म्हणजे काही दिवस गावातच राहून गावकऱ्यांसोबत काम करायला, येतात तेव्हा गाव बघून देणं, शाळेशी बोलणं, राहायची-जेवायची सोय, भाषांतर असं सगळं मी बरीच वर्षं करतोय. दरवेळी आयोजकांची टीम नवीन आणि चुका त्याच. फोनवर परत परत सांगण्यापेक्षा आता लिहूनच टाकतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कलाकाराचं तिकीट आधी काढायचं आणि गाव मग शोधायचं. एकदा युरोपातल्या एक बाई आल्या, कापडावर काम करणाऱ्या, विषय कापूस आणि बायका, तीन आठवडे, यवतमाळ जिल्ह्यातलं गाव. कागदावर याच्यापेक्षा चांगलं काय असतं! फक्त महिना नोव्हेंबर होता. मी तेव्हा नवीन होतो, येईल जमून म्हणालो. पहिल्या दिवशी सकाळी दहाला ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये सतरंजी टाकली, कापड, सुया, दोरे मांडले आणि बारापर्यंत एक माणूस आला नाही. शेवटी समोरच्या ओट्यावरची आजी म्हणाली, "काहून बसले जी तुमी इथं? सारं गाव येचाले गेलं. दिवसा कोणी भेटत नाही आता."

कापूस वेचणीची मजुरी किलोवर असते. बाई सकाळी शिदोरी घेऊन निघते ती दिवस मावळायला परत येते, मग चूल पेटवते. तिला दुपारी दोन तास वर्कशॉपला बसवणं म्हणजे तिच्या मजुरीतून तेवढे किलो कापणं. सहावी-सातवीच्या मुलीसुद्धा शाळेत नव्हत्या, घरी लहान भावंडं सांभाळत होत्या. चार दिवस असेच गेले, कलाकार बाईंना वाटलं आपण नकोसे आहोत, एका संध्याकाळी त्या रडल्यासुद्धा. पाचव्या दिवशी मी त्यांना शेतात घेऊन गेलो. कमरेला झोळी बांधून त्या वेचायला लागल्या, वाळलेल्या बोंडांची टोकं बोटांत घुसून दुपारपर्यंत नखांच्या कडेनं रक्त यायला लागलं, आणि कापूस बाकीच्यांच्या निम्माही नाही. पण त्या आठवडाभर रोज गेल्या. मग बायकाच म्हणाल्या, रात्री जेवणं झाल्यावर मंदिराच्या सभामंडपात बसू. त्यानंतरचे नऊ दिवस जे काम झालं तसं मी परत पाहिलं नाही. पण आधीचे बारा दिवस गेले ते गेलेच.

म्हणून माझी सवय अशी की कलाकाराशी बोलायच्या आधी गावातल्या चार बायकांना विचारायचं, कामं कधी हलकी असतात. विदर्भात पश्चिमेकडे दिवाळीआधी सोयाबीन, मग जानेवारीपर्यंत कापूस. भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडे जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी म्हणजे भातलावणी, दिवाळीच्या आसपास धानाची कापणी, मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचणं, मे महिन्यात तेंदूपत्ता. उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढं जातो आणि शाळासुद्धा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडं उघडतात. मला स्वतःला फेब्रुवारी बरा वाटतो. लाकडात किंवा बाहुल्यांत काम करणारा कलाकार असेल तर पोळ्याच्या आधीचे पंधरा दिवस धरा, तान्ह्या पोळ्यासाठी पोरांना लाकडी नंदी सजवायचेच असतात, बोलवावं लागत नाही. झाडीपट्टीच्या, म्हणजे या पूर्वेकडच्या धानाच्या पट्ट्यातल्या, नाटकवाल्यांसोबत काम करायचं असेल तर मात्र दिवाळीनंतरच या, तेव्हा त्यांच्या नाटक कंपन्यांचं गाव वडसा सगळं जागं असतं, पण त्यांच्या प्रयोगांच्या मध्ये घुसू नका.

आणि दहा दिवसांची रेसिडेन्सी मागू नका हो. पाच दिवस तर नावं पाठ करण्यात जातात. मुंबईच्या कलाकार नवज्योत अल्ताफ यांनी छत्तीसगडच्या बस्तरमध्ये कोंडागावला तिथल्याच कलाकारांसोबत १९९०च्या दशकात काम सुरू केलं आणि वर्षानुवर्षं केलं, तेव्हा कुठं हातपंपांभोवतीची बांधकामं, म्हणजे नळपार, आणि मुलांसाठीच्या जागा, म्हणजे पिल्ला गुडी, उभ्या राहिल्या. एवढा वेळ सगळ्यांकडं नसतो हे मान्य, पण मग निदान परत तरी या. एकदा येऊन फोटो काढून गेलेला माणूस गाव लक्षात ठेवतं, आणि पुढच्या पाहुण्याशी त्याच हिशोबानं वागतं.

दुसरी चूक भिंतीची. जिल्हा परिषदेच्या शाळेची भिंत दिसली की रंगवायची घाई होते. त्या भिंतीवर वर्षानुवर्षांचा चुना असतो, थरावर थर. त्याच्यावर सरळ अ‍ॅक्रेलिक मारलं की रंग भिंतीला धरतच नाही, भुसभुशीत चुन्याला धरतो, आणि चुना सुटला की चित्रासकट सुटतो. एका शाळेत तीस पोरांनी आठ दिवस खपून केलेलं झाड पहिल्याच पावसाळ्यात पापुद्रे होऊन खाली आलं, आणि ज्या पोरीनं त्यातला पोपट काढला होता ती पोपटाचा तुकडा वहीत घालून माझ्याकडं घेऊन आली. ते मला अजून टोचतं. तेव्हापासून मी आधी भिंतीवर कोरडा तळहात घासतो. पांढरा झाला तर आधी खरवडणं, धुणं, वाळवणं, प्रायमर, मग रंग. याला तीन-चार दिवस लागतात आणि नवीन टीमला नेमके तेच वाचवायचे असतात. खालच्या दोन-तीन फुटांत ओल असेल तर तेवढा भाग सोडून द्या. नाहीतर गावचीच माती वापरा. जपानचे चित्रकार युसुके असाई यांनी बिहारमधल्या सुजाता गावच्या शाळेत मातीनंच वर्गाच्या भिंती रंगवल्या होत्या. आपल्याकडं तर सारवणाऱ्या बायका घरोघरी आहेत, शेणमाती किती पातळ हवी हे त्यांना विचारा, कलाकाराला नको.

भाषांतर करताना 'कम्युनिटी'ला 'समाज' म्हणू नका. खेड्यात समाज म्हणजे जात. 'समाजाचं चित्र काढायचंय' म्हटल्यावर लगेच प्रश्न आला, "कोणत्या समाजाचं?" आणि अर्धी माणसं उठून गेली. 'साऱ्या गावाचं' म्हणा.

परदेशी पाहुणा घरी उतरला तर यजमानानं २४ तासांच्या आत त्याची सरकारकडं ऑनलाइन नोंद करायची असते, तिला 'फॉर्म सी' म्हणत आलेत, पोलीस पाटलाला सांगितलं म्हणजे झालं असं नाही. मानधन देणार असाल तर टुरिस्ट व्हिसावर बोलावू नका. मुलांचे फोटो टाकायच्या आधी आईबापाला विचारा, हेडमास्तरांची परवानगी पुरत नाही. बैठक फक्त सरपंचाच्या ओट्यावर घेतली तर पलीकडच्या वस्तीतली पोरं येणार नाहीत, दोन बैठका घ्या.

पाहुण्याला संध्याकाळी एकटं सोडू नका. गोंड चित्रकार जनगढ सिंह श्याम जपानमध्ये रेसिडेन्सीवर होते आणि २००१ साली तिथंच त्यांनी जीव दिला. कुणाच्या मनात काय चाललंय हे बाहेरून कळत नाही, पण परक्या भाषेत, परक्या जेवणावर, रोज रात्री एकटं राहणं माणसाला जड जातं, मग तो इकडून तिकडं गेलेला असो की तिकडून इकडं आलेला. मी रोज रात्री वेगवेगळ्या घरी जेवण ठरवतो, भाषा येवो न येवो, आणि आठवड्यातून एकदा पाहुण्याला घरी निवांत फोन करता यावा म्हणून तालुक्याला नेतो, कारण गावात रेंज धड नसते.

शेवटचं प्रदर्शन नागपूरला ठेवायचं असेल तर ठेवा, पण आधी गावात, आणि बाजाराच्या दिवशी. कापडावाल्या बाईंचं काम आम्ही सभामंडपातच दोरीवर टांगलं होतं. ती ओट्यावरची आजी काठी टेकत आली, प्रत्येक कापड हातात घेऊन उलटं करून मागचे टाके पाहिले, आणि एका कापडाजवळ थांबून म्हणाली, "हे माह्या सुनेचं हाय."